मावळातला जिवाणू इंदापुरात का रमत नाही?

लोणावळ्याहून निघून पुणे, यवत, भिगवणमार्गे इंदापूर गाठायचं तर साधारण २०० किलोमीटर पडतात. एवढ्या अंतरात वर्षाचा पाऊस ४००० मिलिमीटरच्या वरून ५०० च्या आसपास येतो. धुऊन निघालेली, आम्लधर्मी तांबडी माती संपते आणि चुनखडीची, उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन सुरू होते. भाताची खाचरं मागे पडतात, मध्ये बाजरी, वाटाणा, कांदा, हरभरा लागतो आणि शेवटी दोन्ही बाजूंना ऊस. हे सगळं गाडीच्या खिडकीतून दिसतं. त्याच रस्त्यावर जमिनीखालची वस्तीही बदलत जाते, ती मात्र दिसत नाही. हवेतलं नत्र (नायट्रोजन) पकडून पिकापर्यंत पोहोचवणारे जिवाणू पश्चिमेच्या मावळात वेगळे, मधल्या पुरंदरात वेगळे आणि पूर्वेच्या इंदापुरात आणखी वेगळे.

आपण त्या सगळ्यांना ‘जिवाणू खत’ या एकाच नावाने ओळखतो, दुकानातून पाकीट आणतो आणि बियाण्याला चोळतो. मग एकाच्या शेतात पीक हिरवंगार दिसतं, शेजाऱ्याच्या शेतात काडीचा फरक पडत नाही. एक जण ते सगळ्यांना सांगत सुटतो, दुसरा त्याला थोतांड म्हणतो. माझ्या मते दोघांनी जे पाहिलं ते खरंच असतं. हा फरक कुठून येतो हे कळायला हे जिवाणू करतात काय आणि त्यासाठी त्यांना लागतं काय, इथून सुरुवात करावी लागते.

एका एकरावर उभ्या असलेल्या हवेत सुमारे ३० हजार टन नत्र असतं. आणि त्याच एकरातलं पीक नत्राअभावी पिवळं पडतं. कारण हवेतल्या नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून बसलेले असतात आणि कोणत्याही पिकाला तो बंध तोडता येत नाही. कारखान्यात तो तोडायला ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि नेहमीच्या हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत हे करून दाखवलं, १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ इथे त्याचा कारखाना सुरू झाला. आजची युरियाची गोणी त्याच मार्गाने बांधावर येते. ४५ किलोच्या गोणीत जेमतेम २१ किलो नत्र असतं आणि त्यातलंही बरंचसं पिकाच्या तोंडी न लागता हवेत उडून किंवा पाण्याबरोबर वाहून जातं.

काही जिवाणू हेच काम साध्या मातीच्या तापमानाला, कसल्याही दाबाशिवाय करतात. त्यांच्याकडे नायट्रोजिनेज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन असतं. झाडं, प्राणी, बुरशी यांच्यापैकी कुणाकडेच ते नाही. पण या एन्झाइमच्या तीन अटी आहेत. पहिली ऊर्जेची: नत्राचा एक रेणू फोडायला पेशीला एटीपीचे, म्हणजे तिच्या ऊर्जेच्या चलनाचे, किमान १६ रेणू खर्ची घालावे लागतात, म्हणजे हे काम उपाशीपोटी होत नाही. दुसरी ऑक्सिजनची: ऑक्सिजन लागला की हे एन्झाइम कायमचं निकामी होतं. तिसरी धातूंची: त्याच्या गाभ्यात लोह आणि मॉलिब्डेनम लागतं.

या तीन अटी लक्षात ठेवल्या की पुढचं सगळं उलगडत जातं. जमिनीत जिवाणूंच्या इतक्या तऱ्हा आहेत, कारण ऊर्जा आणायची कुठून आणि ऑक्सिजन दूर ठेवायचा कसा, या दोन प्रश्नांची उत्तरं प्रत्येकाने वेगळी शोधली. आणि कोणतं उत्तर कुठे चालेल हे पाऊस, माती आणि पीक ठरवतात.

मावळ, मुळशी: पाण्याखालची जमीन

चिखलणी आणि आवणी झाली, खाचरात पाणी ठरलं की वरच्या थरात ऊन आणि हवा असते, पण चिखलात थोडंसं खाली गेलं की ऑक्सिजन संपतो. एवढ्याशा जागेत दोन वेगळी जगं तयार होतात.

वर पाण्यात जो हिरवट-निळसर थर दिसतो त्याला आपण निळं-हिरवं शेवाळ म्हणतो, पण ते जिवाणूच आहेत: नॉस्टॉक, ॲनाबीना, ऑलोसिरा. त्यांचा ऊर्जेचा प्रश्न सूर्यप्रकाशाने सुटतो. अडचण अशी, की सूर्यप्रकाशावर अन्न करताना ऑक्सिजन बाहेर पडतो आणि तोच नायट्रोजिनेजचा वैरी. त्यावर त्यांनी कामाची वाटणी केली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ॲनाबीनाची माळ पाहिली की हिरव्या पेशींच्या रांगेत मध्येच एखादी फिकट, जाड भिंतीची, जरा मोठी पेशी दिसते. ती ऑक्सिजन तयार करत नाही, बाहेरचा आतही येऊ देत नाही. नत्र फक्त तिच्यातच पकडलं जातं. शेजारच्या पेशी तिला साखर देतात, ती त्यांना नत्र देते. ढाका विद्यापीठातल्या पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवून दिलं, की बंगालची भातखाचरं वर्षानुवर्षं फारसं खत न घालता पिकत होती त्यामागे या जिवाणूंचा मोठा हात होता. परिस्थिती अनुकूल असेल तर एका हंगामात ते हेक्टरी २० ते ३० किलो नत्राची भर घालतात. पाण्यावर तरंगणाऱ्या अझोल्याच्या पानांच्या पोकळ्यांतही ॲनाबीनाचाच एक भाऊबंद राहतो. भातशेतीत अझोला सोडायचा सल्ला त्यामुळेच दिला जातो.

खाली चिखलात क्लॉस्ट्रिडियम असतो. त्याला ऑक्सिजन मुळातच चालत नाही, त्यामुळे दुसरी अट आपोआप सुटते. पण हवेशिवाय साखर नीट जळत नाही, ऊर्जा थोडीच मिळते, म्हणून त्याचं काम संथ चालतं.

मावळची माती आम्लधर्मी आहे, ही आणखी एक गोष्ट. सामू (मातीची आम्लता सांगणारा pH) ६ च्या खाली गेला की अझोटोबॅक्टर हा मोकळा राहणारा प्रसिद्ध जिवाणू कुचंबतो. तिथे त्याची जागा बायजेरिंकिया घेतो. तो ५ च्याही खालच्या सामूला तग धरतो आणि जगभर उष्ण कटिबंधातल्या तांबड्या, आम्ल जमिनींत सापडतो. त्याचा पहिला नमुना भारतीय उपखंडातल्या भाताच्या मातीतूनच १९३९ मध्ये वेगळा केला गेला. तेव्हा त्याला अझोटोबॅक्टरचीच एक जात मानून ‘इंडिकम’ नाव दिलं होतं, आजचं नाव बायजेरिंकिया इंडिका. म्हणून मुळशीच्या उतारावरच्या वरकस जमिनीत अझोटोबॅक्टरचं पाकीट टाकणं म्हणजे त्या बिचाऱ्या जिवाणूला नको तिथे नेऊन सोडणं आहे.

तिसऱ्या अटीतलं मॉलिब्डेनमही इथेच आडवं येतं. आम्ल जमिनीत ते मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतं, मुळांना आणि जिवाणूंना मिळत नाही. जमिनीत असूनही न मिळणारं, अशी त्याची अवस्था. चुना घालून सामू थोडा वर आणला की कडधान्यांच्या मुळांवर गाठी (नत्र पकडणारे जिवाणू त्यांत राहतात) वाढतात, त्याचं एक कारण हे आहे.

इथे लाजाळूचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. मावळात रस्त्याच्या कडेला ती भरपूर दिसते. तिच्याही मुळांवर नत्राच्या गाठी असतात. द्विदल झाडांच्या गाठी फक्त रायझोबियमच्या कुळातले जिवाणू करतात असं शंभरेक वर्षं मानलं जात होतं. २००१ मध्ये तैवानच्या लाजाळूच्या गाठींतून एक पूर्णपणे वेगळ्या कुळातला जिवाणू मिळाला आणि त्याच वर्षी इतरत्रही असे दाखले आले. ज्या झाडाकडे आपण तण म्हणून बघतो, त्याने जाणकारांचा एक मोठा समज मोडून काढला.

पुरंदर, शिरूर, जुन्नर: कडधान्यांचा पट्टा

कडधान्याचा बेवड चांगला, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. हरभऱ्यानंतरचं पीक जोमात येतं, तुरीचा पालापाचोळा पडलेल्या रानाचा कस वाढतो, हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. त्यामागचं कारण मात्र १८८६ मध्ये समोर आलं, जेव्हा हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवलं की द्विदल पिकं मुळांवरच्या गाठींमधून हवेतलं नत्र घेतात. दोनच वर्षांनी हॉलंडच्या बायजेरिंक यांनी त्या गाठींतला जिवाणू वेगळा करून वाढवला. भारतात या विषयावरचं पहिलं काम म्हणून एन. व्ही. जोशी यांच्या १९२० मधल्या अभ्यासाचा दाखला दिला जातो.

गाठ कशी तयार होते, हे थोडं सावकाश बघण्यासारखं आहे. नत्राची टंचाई असलेलं मूळ मातीत काही विशिष्ट रसायनं सोडतं. जवळचे जिवाणू त्यांना ओळखतात आणि उत्तरादाखल स्वतःचं एक रसायन सोडतात. ते उत्तर त्या पिकाला ओळखीचं वाटलं तरच मुळावरचा केसासारखा बारीक तंतू वाकतो, जिवाणूला कवेत घेतो आणि आत एक नळीसारखा मार्ग तयार होतो. त्यातून जिवाणू आतल्या पेशींत पोहोचतात आणि तिथे गाठ फुगायला लागते. भुईमुगाची तऱ्हा वेगळी. त्याच्यात जिवाणू उपमुळं फुटताना पडलेल्या फटींतून आत शिरतात. आत गेल्यावर पीक त्यांना साखर पुरवतं, म्हणजे ऊर्जेची अट सुटली. ऑक्सिजनसाठी गाठीत लेगहिमोग्लोबिन नावाचं लाल रंगद्रव्य तयार होतं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलं. ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूला श्वासापुरता मोजून देतं.

हे प्रत्यक्ष बघता येतं. हरभरा पेरून ३५-४० दिवस झाले की एखादं झाड उपटू नका, खुरप्याने भोवतालच्या मातीसकट काढा. ढेकूळ बादलीत पाण्यात भिजवून माती आपोआप सुटू द्या. उपटलं तर गाठी मातीतच राहतात आणि मग ‘आमच्याकडे गाठीच नाहीत’ असा गैरसमज होतो. मुख्य मुळाच्या वरच्या भागात वेड्यावाकड्या, पंख्यासारख्या पसरलेल्या गाठी दिसतील. सोयाबीन, भुईमुगाच्या गाठी गोल दाण्यासारख्या असतात, हरभऱ्याच्या तशा नसतात. एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली तर काम चालू आहे. पांढरीफटक असेल तर एकतर अजून सुरुवात झालेली नाही किंवा आत बसलेला जिवाणू आयतं खाणारा आहे. हिरवट असेल तर तिचं काम संपलंय. आणि फुगीर भाग मुळापासून सुटतच नसेल, मूळच जाड झालेलं असेल, तर ती नत्राची गाठ नव्हे, तो सूत्रकृमीचा उपद्रव आहे.

‘आयतं खाणारा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. गाठ करणारा प्रत्येक जिवाणू नत्र देतोच असं नाही. गाठ करण्याची कला आणि नत्र पकडण्याचा जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्थानिक मातीतले काही जिवाणू गाठ करण्यात तरबेज पण नत्र देण्यात आळशी असतात. बियाण्याला आपण चांगला जिवाणू चोळला तरी मातीतल्या अशा जुन्या रहिवाशांची संख्या प्रचंड असेल, तर बहुतेक गाठी तेच बळकावतात. जिवाणू खताचा फरक न दिसण्याचं हे मोठं कारण आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

कोणतं पीक कुणाला आत घेतं यातही मोठा फरक आहे. हरभरा चोखंदळ आहे, त्याला मेसोरायझोबियमच्या ठरावीक जातीच लागतात. वाटाणा आणि मसूर यांचा जिवाणू एक, मेथी आणि लसूणघास यांचा दुसरा, घेवड्याचा तिसरा. याउलट चवळी, मटकी, कुळीथ, मूग, उडीद, तूर, भुईमूग ही मंडळी दिलदार आहेत. ब्रॅडीरायझोबियमच्या कितीतरी प्रकारांना ती थारा देतात. म्हणून शिरूरच्या माळरानावर, हलक्या मुरमाड जमिनीत कसलीही प्रक्रिया न करता पेरलेल्या मटकीलाही गाठी येतात.

या पट्ट्यातल्या जमिनीला कडधान्यं नवीन नाहीत. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत बार्लीबरोबर मसूर, कुळीथ, वाटाणा यांचे जळके दाणे मिळाले. इतका काळ ज्या जमिनीत ही पिकं घेतली जात आहेत, तिथे त्यांचे जिवाणूही मुरलेले असणार, हा तर्क मला रास्त वाटतो.

पाहुणं पीक आणि त्याचे जिवाणू

सोयाबीनचं तसं नाही. मध्य भारतात ते १९७० च्या आसपास मोठ्या प्रमाणावर आलं, मग महाराष्ट्रात पसरलं. आता जुन्नर, आंबेगाव, खेडमध्येही पावसाळ्यात ते सर्रास दिसतं. पीक नवीन, त्यामुळे त्याला चालणारे जिवाणू सुरुवातीला बहुतेक जमिनींत कमी होते. अशा जागी बीजप्रक्रियेचा फरक डोळ्यांना दिसेल इतका पडतो. ब्राझीलने तर आपलं सगळं सोयाबीन याच पायावर उभं केलं. योहाना डोबेराइनर यांनी तिथे आग्रह धरला की सोयाबीनच्या जाती निवडतानाच युरियाऐवजी जिवाणूंवर पोसल्या जाणाऱ्या निवडायच्या. आज जगातल्या सर्वांत मोठ्या सोयाबीन उत्पादकांपैकी एक असलेला तो देश या पिकाला जवळजवळ नत्रखत देत नाही.

पुढे भारतातल्या वेगवेगळ्या हवामान विभागांतल्या सोयाबीनच्या गाठी तपासल्या गेल्या, तेव्हा एक नवल दिसलं. पाठ्यपुस्तकात सोयाबीनचा जिवाणू म्हणून ब्रॅडीरायझोबियम जपोनिकमचं नाव असतं. आपल्याकडच्या गाठींत मात्र ब्रॅडीरायझोबियम युआनमिंगेन्स ठळकपणे सापडला. २००२ मध्ये चीनमध्ये एका रानटी द्विदल झुडपाच्या गाठींतून त्याची पहिल्यांदा नोंद झाली होती. मग तो सोयाबीनमध्ये कसा?

याचं एक संभाव्य उत्तर न्यूझीलंडच्या एका कुरणातून मिळतं. तिथे एका चाऱ्याच्या पिकासाठी बाहेरून आणलेला मेसोरायझोबियम जिवाणू वापरला. काही वर्षांनी त्याच शेतातल्या गाठी उघडल्या तर आतले बरेच जिवाणू स्थानिक निघाले, पण गाठ करण्याची आणि नत्र पकडण्याची जनुकं मात्र त्या आणलेल्या जिवाणूची. जनुकांचा तो अख्खा तुकडा, सुमारे पाच लाख अक्षरांचा, एका जिवाणूतून दुसऱ्यात गेला होता. १९९५ मध्ये हे उघडकीस आलं. पाहुणीने शिकवलेला पदार्थ तिच्या माघारी गावात घरोघरी होत राहावा, तसं हे झालं: जिवाणू स्थानिकच, पण नवीन पिकाशी नातं जोडायला शिकलेला. स्थानिक असल्यामुळे तो तिथलं ऊन, पाऊस, माती आधीपासून सोसणारा. म्हणजे कोणत्या भागात कोणता जिवाणू आहे याचा नकाशा कायमचा नसतो. पीक बदललं की तो आपल्या डोळ्यांदेखत बदलतो.

बारामती, दौंड, इंदापूर: ऊस, काळी जमीन आणि क्षार

इथल्या काळ्या जमिनीचा सामू ७.५ ते ८.५. अझोटोबॅक्टरला हेच मानवतं. तो ऑक्सिजनचा प्रश्न अजब पद्धतीने सोडवतो: इतक्या झपाट्याने श्वसन करतो की आत आलेला ऑक्सिजन एन्झाइमपर्यंत पोहोचायच्या आत खर्च होतो. पण त्यासाठी त्याला सतत जळण हवं. सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या जमिनीत तो नुसता जिवंत राहतो, काम फारसं करत नाही. पाचट जाळलेल्या फडात अझोटोबॅक्टर टाकून फार अपेक्षा धरू नये, ते यामुळेच. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्याची ओळख पहिल्याच वर्षांत होते. नत्र अजिबात नसलेल्या, नुसत्या मॅनिटॉल साखरेच्या प्लेटवर मातीचे बारीक कण पेरले की तीन-चार दिवसांत कणांभोवती पारदर्शक, चिकट थेंबांसारख्या वसाहती उठतात आणि जुन्या झाल्या की तपकिरी-काळ्या पडतात. काळ्या रानातली माती वापरली तर हा प्रयोग सहसा फसत नाही.

उसाची गोष्ट मात्र मातीच्या बाहेरची आहे. १९८८ मध्ये ब्राझीलमध्ये उसाच्या आतच राहणारा, नत्र पकडणारा जिवाणू सापडला. त्याचं आजचं नाव ग्लुकॉनॲसिटोबॅक्टर, ऊसवाले त्याला ॲसिटोबॅक्टर म्हणतात. दहा टक्के साखरेत तो मजेत वाढतो. ऊर्जेची चिंता त्याला नाहीच. मोकळ्या मातीत तो क्वचित आढळतो, एका फडातून दुसऱ्यात जातो तो बेण्यातून. त्यामुळे उसाच्या बाबतीत तुमची जमीन कुठली, यापेक्षा बेणं कुठून आणलं हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी या जिवाणूवर काम होतं, आणि लागणीआधी कांड्या त्याच्या द्रावणात बुडवायची पद्धत शेतकऱ्यांत रुळली आहे. ब्राझीलच्या काही वाणांत त्याच्यासारख्या जिवाणूंकडून पिकाला बरंच नत्र मिळतं असं दिसलं, इतर देशांत मात्र मोजमाप पुष्कळ कमी भरलं. एक गोष्ट पक्की आहे: नत्रखताचा भडिमार झाला की उसातली त्याची संख्या घटते. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, आणि कित्येक फडांत त्याच्याही वर टाकलं जातं. अशा ठिकाणी त्याने काम करावं तरी कशाला?

पूर्व भागाचं दुसरं दुखणं क्षारांचं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५ च्या सुमारास या भागात आलं आणि पाठोपाठ निचऱ्याअभावी जमिनी खारवटायला लागल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१० च्या सुमारास नीरा खोऱ्यातल्या या जमिनींचा अभ्यास केला होता, म्हणजे प्रश्न किती जुना आहे बघा. अशा चोपण जमिनीत हरभऱ्याला गाठी येत नाहीत. आपण समजतो क्षारांनी जिवाणू मेले. बहुतेक वेळा ते जिवंत असतात, पिकापेक्षा जास्त मीठ सोसतात. मोडते ती मघाशी सांगितलेली पायरी: खारट मातीत मुळाचा तंतू वाकतच नाही, भेटच होत नाही. तिथे आणखी चार पाकिटं ओतून उपयोग नाही. आधी निचरा, जिप्सम, आणि पीक म्हणून हिरवळीच्या खताचा धैंचा. तो क्षार आणि साचलेलं पाणी दोन्ही सोसतो, आणि त्याचे जिवाणूही त्याच्यासारखेच चिवट असतात.

न वाढणारे, न दिसणारे

हे सगळं सांगितलं ते प्रामुख्याने प्रयोगशाळेत वाढवता आलेल्या जिवाणूंबद्दल. मातीतल्या जिवाणूंपैकी प्लेटवर वाढतात ते जेमतेम शंभरातला एखादा. बाकीच्यांचा माग आता डीएनएवरून काढतात. नायट्रोजिनेजचा एक भाग बनवणारं निफ-एच नावाचं जनुक जवळजवळ सगळ्या नत्र पकडणाऱ्यांत असतं. मातीतला डीएनए काढून फक्त तेवढंच जनुक वाचलं की कोण कोण हजर आहे याची यादी मिळते, आणि त्या यादीत कधीच न वाढवलेल्या, नावही नसलेल्या जिवाणूंची गर्दी निघते. पण हजेरी म्हणजे काम नव्हे. जनुक असलेला जिवाणू त्या दिवशी नत्र पकडत होता की झोपला होता, हे वेगळ्या प्रयोगांनीच कळतं.

पुण्याला या कामात मोठी संधी आहे. जिवंत जिवाणूंचे देशपातळीवरचे दोन संग्रह इथेच आहेत, एक राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा आणि दुसरा राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्राचा. आणि घाटमाथ्यापासून भीमेच्या खोऱ्यापर्यंत सगळ्या तऱ्हेच्या जमिनी एका दिवसात फिरता येतील इतक्या जवळ. मला काळजी वाटते ती मटकी-हुलग्याच्या रानांची. शहराभोवतीच्या माळांवर प्लॉट पडतायत, राहिलेल्या रानात पाणी आलं की नगदी पीक येतं. कोरड्या, तापलेल्या, पोषणद्रव्यांत गरीब जमिनीत हजारो वर्षं टिकलेले ब्रॅडीरायझोबियम तिथे आहेत, आणि उद्याच्या हवामानात आपल्याला नेमके तसेच चिवट जिवाणू लागणार आहेत. इमारतीचा पाया खणायच्या आधी तिथल्या दोन-चार झाडांच्या गाठी कुणीतरी गोळा करायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं.

पाकीट घेताना

आता दुकानातला व्यवहार. रायझोबियम मागताना पिकाचं नाव सांगा आणि पाकिटावर गट वाचा: हरभरा गट, सोयाबीन गट, चवळी गट, वाटाणा गट, घेवडा गट, लसूणघास गट, बरसीम गट. हरभऱ्याला सोयाबीनचं पाकीट चोळणं म्हणजे पैसे पाण्यात. मुदत बघा. २००६ पासून जिवाणू खतं खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत आणि भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी, द्रवरूपात एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू असणं बंधनकारक आहे. पण ती संख्या उन्हात ठेवलेल्या पाकिटात टिकत नाही. दुकानदाराने ते कुठे ठेवलंय हे बघायला लाजू नका.

दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यात कालवून, हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यांत शेवटी. वाफसा आल्यावरच पेरा. गच्च ओल्या जमिनीत मुळांना हवा नसते, आणि गाठीला ऑक्सिजन मोजून का होईना, पण लागतोच. आणि पेरणीबरोबर युरिया सढळ हाताने टाकू नका. हरभऱ्याला सुरुवातीला हेक्टरी २५ किलो नत्र पुरतं. जमिनीत नत्र आयतं मिळालं तर मूळ ती रसायनं सोडतच नाही, गाठी होतच नाहीत.

आपल्या रानाला पाकीट लागतं का, हे स्वतः तपासता येतं. हरभरा पेरताना चार ओळींचा एक पट्टा जिवाणू न चोळता ठेवा, बाकी खत-पाणी सारखंच. तो पट्टा आधी पेरा, म्हणजे हाताला आणि पाभरीला लागलेले जिवाणू तिकडे जाणार नाहीत. चाळीस दिवसांनी दोन्हीकडची पाच-पाच झाडं खुरप्याने काढून गाठी मोजा आणि फोडून रंग बघा. न चोळलेल्या पट्ट्यात गाठी तुरळक आणि चोळलेल्यात भरपूर गुलाबी निघाल्या, तर तुमच्या जमिनीत या पिकाचे जिवाणू कमी आहेत आणि दरवर्षी बीजप्रक्रिया फायद्याची आहे. दोन्हीकडे पांढऱ्या निघाल्या तर स्थानिक आळशी जिवाणूंनी जागा बळकावली असेल, किंवा नत्र जास्त झालं असेल, किंवा मॉलिब्डेनम, स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलं असेल. अशा वेळी आधी माती परीक्षण करून घ्या. आणि दोन्हीकडे सारख्याच, भरपूर, गुलाबी गाठी निघाल्या, तर तुमच्या रानात हरभऱ्याचे चांगले जिवाणू आधीपासून मुक्कामाला आहेत.